घेतलेल्या जमिनीचे ऋण

मतमाउलीच्या यात्रेमुळे हरेगाव आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. त्या परिसरातील काळ्या जमिनीचा इतिहास मात्र एक अवघड प्रश्न विचारतो : माणसाची जमीन घेण्याचा शासनाचा अधिकार कोठवर पोहोचतो?

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथील शेतकऱ्यांच्या जमिनी साखर कंपन्यांकडे खंडाने गेल्या. १९६१ साली कमाल जमीनधारणेचा कायदा झाला. मोठ्या धारकांकडील जादा जमीन भूमिहीनांस मिळावी, हा त्याचा हेतू. परंतु कंपन्यांच्या ताब्यातील जमीन शासनाने घेतली, तेव्हा तिच्याबरोबर लहान खंडकऱ्यांचीही गेली आणि १९६३ साली स्थापन झालेल्या शेती महामंडळाच्या हाती आली. ती परत मिळू लागण्यास २०१२ साल उजाडले. तोवर अनेक मूळ मालक काळाच्या पडद्याआड गेले होते.

बायबलमधील अहाब राजाने नाबोथाला त्याच्या मळ्याऐवजी अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली होती. व्यवहार म्हणून ते वावगे नव्हते. तरीही नाबोथाने नकार दिला, कारण तो मळा त्याच्या वाडवडिलांचे वतन होते. सर्वच गोष्टींचा मोबदला पैशात होत नाही.

मग मालकी हक्क निरंकुश मानावा काय? नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली खाजगी मालकीचे समर्थन केले. पोप सहावे पॉल यांनी १९६७ साली तो हक्क बिनशर्त नसल्याचे सांगितले. आम्हांस वाटते, हीच अट शासनासही लागू आहे. धरणासाठी, रस्त्यासाठी जमीन घ्यावी लागते. परंतु ज्या कारणासाठी ती घेतली, ते कारण संपले की घेण्याचा नैतिक आधारही संपतो.

१९७८ च्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने पाच वर्षे न वापरलेली जमीन मूळ मालकास, त्याच्या वारसांस किंवा शासनाच्या भूमी बँकेस परत करण्याची तरतूद केली. यातील ‘किंवा’ हा शब्द लहान आहे. पण जमीन कोणाच्या दारी परतावी, हे त्यावरच ठरते.

आणखी एक ऋण उरते. ज्या मजुरांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या मळ्यांवर घाम गाळला, त्यांच्या नावे सातबारा कधीच नव्हता. जमीन मालकास परत देणे हा न्याय आहे. परंतु ज्याचे काहीच घेतले गेले नाही, कारण त्याच्याजवळ काहीच नव्हते, त्याचा विचार केल्यावाचून तो न्याय पुरा होत नाही.