पुरेसं म्हणजे किती वॅट?

पन्नास हजारांत गेमिंग पीसी कसा जमवायचा, याच्या याद्या तुम्ही पाहिल्याच असतील. कदाचित एखादी तुमच्या फोनमध्ये स्क्रीनशॉट म्हणून पडलेलीही असेल. या याद्यांचा क्रम ठरलेला असतो. वर प्रोसेसर, मग ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, कॅबिनेट, आणि सगळ्यात शेवटी एसएमपीएस. बेरीज बजेटच्या बाहेर गेली की कात्री खालून लागते. 'कॅबिनेटसोबत येतोय ना एक, तोच लावू.' दोन-अडीच हजार वाचतात आणि वरच्या ओळीत त्या पैशांतून थोडं बरं कार्ड बसतं.

ही कात्री खालूनच का लागते, हा प्रश्न मला कॉम्प्युटरचा वाटत नाही. बाकीचे सगळे भाग काही ना काही दाखवतात. कार्ड फ्रेम्स दाखवतं, एसएसडी गेम पटकन उघडून दाखवते, रॅमवर तर आजकाल दिवेही लागतात. एसएमपीएसनं आपलं काम चोख केलं तर काय दिसतं? काहीच नाही. रात्री दोन वाजता गेमच्या ऐन मध्यात मशिन बंद पडलं नाही, इतकंच. न घडलेल्या गोष्टीचा स्क्रीनशॉट काढता येत नाही. गॅसच्या शेगडीची रबरी नळी वेळेवर बदलणाऱ्या माणसाचं कुणी कधी कौतुक केलंय?

माझा मावसभाऊ सांगलीत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यानं यादी पाठवली आणि खाली एकच प्रश्न लिहिला : 'ताई, एसएमपीएसनं एफपीएस वाढतात का?' नाही वाढत. उत्तर अगदी सरळ होतं, पण ते तसंच पाठवायला हात होईना. यादीतले अर्धे पैसे त्यानं शिकवण्या घेऊन साठवले होते आणि उरलेले मावशीच्या भिशीतून येणार होते. 'नाही वाढत' एवढं खरं सांगून मी थांबले असते, तर त्यानं त्याचा जो अर्थ काढला असता तो खोटा ठरला असता.

या डब्याचं काम समजायला अवघड नाही. भिंतीतून २३० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज येते. ती घ्यायची आणि १२, ५ आणि ३.३ व्होल्टची एका दिशेनं वाहणारी स्थिर वीज करून आत द्यायची. 'स्थिर' या शब्दातच सगळी किंमत आहे. कार्डची भूक क्षणाक्षणाला बदलते. स्फोटाचं दृश्य आलं की ती एकदम उसळते, मेन्यू उघडला की खाली येते. इंटेलच्या २०२२च्या एटीएक्स ३.० मानकात तर अशी अपेक्षा आहे की डब्यानं त्याच्या लिखित क्षमतेच्या दुप्पट झटका १०० मायक्रोसेकंद सहन करावा. शिवाय काही बिघडलंच, तर आपण बंद व्हायचं आणि पुढच्याला वाचवायचं, हेही त्याचंच काम. स्वस्त डब्यात काटछाट होते ती नेमकी इथे. संरक्षणाची सर्किटं गाळली जातात आणि कपॅसिटर १०५ अंशांऐवजी ८५ अंशांचे बसतात. हे बाहेरून दिसत नाही. वजन हातात घेतल्यावर थोडासा संशय येतो, एवढंच.

बाहेर दिसतो तो आकडा. समजा, डब्यावर मोठ्या अक्षरांत ४५० लिहिलंय. बाजूच्या लेबलावर बारीक अक्षरांत एक तक्ता असतो, तो वाचा. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर असेल, तर गुणाकार होतो २१६ वॅट. आजच्या मशिनमध्ये प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळी भूक १२ व्होल्टवरच भागवतात. मग बाकीचे वॅट कुठे गेले? ते ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यांत आहेत. पेंटियम ४च्या आधीची मशिनं प्रोसेसरसाठी ५ व्होल्टची वीज घेत, त्या काळात हा हिशेब शोभला असता. म्हणजे ४५० हा आकडा बेरजेपुरता खराही असू शकतो. फक्त तो तुमच्या कामाचा नाही.

याला खोटं म्हणायचं का? आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर जुनं आहे. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला होता, हे खरंच होतं, आणि धर्मराज शब्दशः खोटं बोलला नव्हता. तरीही जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला. कथा रचणाऱ्यानं शब्दांचा हिशेब मांडला नाही. द्रोणाचार्यांनी काय ऐकावं या हेतूनं ते बोललं गेलं, तो हिशेब मांडला. लेबलावरचं मोठं ४५० आणि बारीक १८ हे त्याच जातीचं सत्य आहे. मोठं अक्षर गिऱ्हाइकासाठी आणि बारीक अक्षर तक्रार आलीच तर दाखवण्यासाठी.

पण लेबल छापणाऱ्याला दोष देऊन आपण सुटतो का? मला नाही वाटत. विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञानं १८७७ साली 'द एथिक्स ऑफ बिलीफ' हा निबंध लिहिला. त्यातलं उदाहरण असं : एका जहाजमालकाला ठाऊक असतं की आपलं जहाज जुनं आहे, डागडुजी केलेलं आहे. परदेशी स्थायिक व्हायला निघालेली कुटुंबं त्यातून जाणार आहेत. मनात शंका येते, पण तपासणीला खर्च आहे. मग तो स्वतःला समजावतो, इतक्या सफरी झाल्या, हीही होईल. हळूहळू त्याचा खरोखरच विश्वास बसतो. जहाज बुडतं आणि तो विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास प्रामाणिक होता हे मान्य, पण तो विश्वास ठेवण्याचा त्याला हक्क नव्हता. तपासून न पाहता, शंका दाबून त्यानं तो मिळवला होता. क्लिफर्ड पुढे आणखी एक पाऊल टाकतो. जहाज सुखरूप पोचलं असतं, तरी मालकाचा दोष तसूभर कमी झाला नसता. तो फक्त उघडा पडला नसता.

'माझ्या मित्राचा लोकल एसएमपीएस चार वर्षं चालतोय, काही झालं नाही' हे वाक्य ऐकलं की मला तो जहाजमालक आठवतो. चालला असेल. बहुतेक चालतातच. त्या मित्राचं कार्ड बहुधा कमी वीज खाणारं असेल. जीटीएक्स १६५०सारखं कार्ड ७५ वॅटमध्ये भागवतं, आणि त्याच्या बऱ्याच मॉडेल्सना वेगळी पॉवर केबलही लागत नाही. पण त्याचं चालणं हा तुमच्या डब्याचा पुरावा कसा होईल?

दुकानदाराची बाजू मी अगदीच उडवून लावणार नाही. लॅमिंग्टन रोडवर असो की तालुक्याच्या गावात, काउंटरपलीकडच्या माणसासमोर दोन खोकी असतात, दोन्हींवर ४५०. चांगल्याची किंमत तिप्पट. गिऱ्हाइकाला फरक दिसत नाही, त्यामुळे तो विचारतो, 'तेच तर आहे, मग इतके जास्त कशाला?' अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराबद्दल हेच दाखवलं होतं. गुणवत्ता दिसत नसेल, तर गिऱ्हाईक सरासरी किंमतच देऊ पाहतं, आणि चांगला माल विकणारा हळूहळू बाजार सोडतो. प्रामाणिक दुकानदार अशा बाजारात रोज थोडंथोडं नुकसान सोसत असतो. आपण घासाघीस करतो तेव्हा त्याच्या प्रामाणिकपणाचीही घासाघीस चाललेली असते.

मग खूण काय? '८० प्लस'चं चिन्ह बघा असं सगळे सांगतात. सांगोत. मात्र ते चिन्ह कशाचं आहे हे कळायला हवं. २००४ साली सुरू झालेला हा उपक्रम वीजबचतीचा आहे. भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती टक्के आत पोचते, इतकंच तो मोजतो. संरक्षण सर्किट वेळेवर तोडेल का, हे त्यात तपासत नाहीत. २०२१मध्ये हे ठळकपणे दिसलं. ग्राफिक्स कार्डांच्या टंचाईच्या त्या दिवसांत अमेरिकेत न्यूएग या दुकानानं लॉटरी पद्धतीनं कार्डं विकली. कार्ड हवं तर सोबत दुसरी वस्तूही घ्यायची, अशा जोड्या होत्या. काही जोड्यांत गिगाबाइटचा ७५० वॅटचा गोल्ड दर्जाचा एसएमपीएस होता. गेमर्स नेक्सस या चॅनेलच्या चाचण्यांत त्यातले काही धडाधड गेले. कंपनीनं ऑगस्टमध्ये निवेदन काढलं, जादा लोडवर बंद पडण्याची मर्यादा १२०-१५० टक्क्यांवरून ११०-१२० टक्क्यांवर आणली आणि ठरावीक सिरियल नंबरचे डबे बदलून देऊ केले. नाव मोठं, बिल्ला सोनेरी, आणि तरीही हे. उरतो एकच मार्ग, आणि तो कंटाळवाणा आहे. त्या नेमक्या मॉडेलची, डबा उघडून आणि लोड देऊन केलेली चाचणी शोधायची आणि वाचायची.

आता दुसऱ्या टोकाकडे येते, कारण तिथल्या लोकांचा मला जास्त राग येतो. मावसभावानं तीच यादी एका ग्रुपवरही टाकली होती. उत्तर आलं : '८५० वॅट गोल्ड घे भावा, रिस्क नको.' ऐकायला काळजीचं वाटतं. पण रिस्क कुणाची? ८५० सांगणाऱ्यावर कधीच ठपका येत नाही. मशिन बंद पडलं तर तो म्हणेल, मी तर मोठाच सांगितला होता. त्यानं स्वतःचा विमा उतरवला आणि हप्ता मावशीच्या भिशीतून भरला. दुसऱ्याच्या पैशांनी सावध राहणं फार सोपं असतं.

खरा हिशेब करायला दहा मिनिटं लागतात. त्याच्या यादीत रायझन ५ ५६०० आणि आरटीएक्स ३०६० होतं. कार्डचे १७० वॅट, प्रोसेसरचे जास्तीत जास्त ९० धरू, बाकी पंखे, रॅम, बोर्ड, डिस्क मिळून ५०. झाले ३१०. एनव्हिडिया या कार्डसाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवतं. मधले २४० कशाचे? थोडे झटक्यांचे, थोडे पुढच्या वाढीचे. उरलेले, माझ्या मते, अविश्वासाचे. तुमच्या टेबलाखाली कुठला डबा आहे, हे कार्ड बनवणाऱ्याला माहीत नसतं, म्हणून तो खोट्या आकड्यांची भरपाई आधीच करून ठेवतो. खरं लिहिणाऱ्याचा डबा घेणाऱ्यानंही ती भरायची.

गोल्डचंही असंच. ३०० वॅटच्या लोडवर ८५ टक्क्यांचा ब्राँझ भिंतीतून सुमारे ३५३ वॅट घेतो, ९० टक्क्यांचा गोल्ड ३३३. फरक २० वॅट. वर्षभर रोज चार तास खेळलं तर २९ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला २९० रुपये. दोघांच्या किमतीत अडीच हजारांचं अंतर असेल, तर ते वसूल व्हायला साडेआठ वर्षं. 'गोल्ड घे, वीज वाचते' म्हणणाऱ्यानं हे गणित केलेलं नसतं.

म्हणून मला वाटतं, 'पुरेसं' हा शब्द आपण उगाच मिळमिळीत मानतो. कमीत कमी घेणारा हिशेब टाळतो आणि जास्तीत जास्त घ्यायला लावणाराही हिशेबच टाळतो. त्या मधल्या आकड्यावर बोट ठेवणारा मात्र चुकू शकतो, आणि चुकला तर त्याचं नाव घेता येतं. ती जबाबदारी नको असते म्हणून सल्ले एकतर 'काय होतंय' तरी असतात, नाहीतर 'रिस्क नको' तरी.

मी त्याला ५५० वॅटचा ब्राँझ सांगितला, चाचणी वाचलेलं मॉडेल. पैसे एसएसडीतून काढले, १ टीबीची ५०० जीबी केली. तो वैतागला. 'माझे पैसे, माझं मशिन, उडालं तर माझं उडेल,' असं म्हणाला. हा मुद्दा वजनदार आहे. सज्ञान माणसाला स्वतःचा धोका पत्करायचा हक्क आहेच. पण हा धोका त्याच्या एकट्याचा नव्हता. डबा गेला तर बहुतेक वेळा गुपचूप जातो. कधी जाताना बोर्ड आणि कार्ड सोबत नेतो, आणि क्वचित धूरही करतो. पैसे मावशीचे, आणि खोलीत आणखी दोघं झोपणारे. त्या दोघांना कुणी विचारलं होतं? त्यांच्याकडचा इन्व्हर्टर चौकोनी वेव्हचा आहे, त्याच्यावर हे मशिन चालवू नकोस, असंही सांगितलं. चांगल्या एसएमपीएसमधलं अ‍ॅक्टिव्ह पीएफसी अशा विजेवर कधी कधी रुसतं. चांगली वस्तू घेतली की इतर काही विचारायला नको, असंही नसतं.

एक प्रश्न मात्र उरला. कॅबिनेटसोबत आलेला तो डबा. कोरा, न वापरलेला, ४५० लिहिलेला. मावसभावाला तो ऑनलाइन विकायचा होता. सात-आठशे आले असते आणि पुढच्या एसएसडीला हातभार लागला असता. जाहिरातीत १२ व्होल्टचा खरा आकडा लिही, असं मी म्हटलं. त्यानं लिहिला. आठवडाभर कुणी विचारलं नाही. शेजारच्या पोस्टमध्ये तसाच डबा नुसता '४५० वॅट, कंडिशन टॉप' म्हणून गेला. मग तो कॉलेजच्या एका ज्युनिअरला फुकट द्यावा असं त्याच्या मनात आलं. तो मुलगा जुनं ऑफिसचं मशिन चालवतो, कार्डबिर्ड नाही, त्याला तो पुरला असता. पण वर्षभरानं त्यानं कार्ड घेतलं, तर डब्यावर ४५०च लिहिलेलं असणार. शेवटी मावसभावानं मार्कर घेतला, ४५० वर काट मारली आणि बाजूला '१२ व्होल्टला २१६, कार्ड लावू नये' असं लिहिलं. डबा आता त्या मुलाकडे आहे. मार्करची शाई पुसली जाते म्हणून त्यावर सेलोटेपही लावलीय.