वटवाघूळ अशुभ कोणी ठरविले?

अंबाजोगाई-धारूरकडे वडा-उंबराला फळे धरली की रात्री वटवाघळे येतात, आणि घरात कुजबुज होते : अपशकुन! कायदाही निराळे म्हणत नव्हता. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्यांना उंदीर-कावळ्यांसोबत उपद्रवींच्या यादीत बसविले. 2022 च्या दुरुस्तीने ती यादी गेली. पन्नास वर्षे लागली!

आता तुम्ही जलरंग घ्या आणि या प्राण्याचे चित्र काढून पाहा. काळा समजलेला प्राणी काळा निघत नाही. मानेभोवती तांबूस-सोनेरी लव असते. तेथे रंग पातळच ठेवावा लागतो, कारण जलरंगात एकदा गडद झाले की मागे फिरता येत नाही. पाटण्याचे भवानी दास किंवा त्यांच्या परंपरेतील कोणी 1777 ते 1782 च्या सुमारास काढलेले वटवाघळाचे चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. अपशकुन मानणाऱ्याच्या हातून असे चित्र उतरले असते काय?

पाहणाऱ्याला सवयीही कळू लागतात. उलटे लटकणे ही त्याला शिक्षा नव्हे. पायाच्या शिरा आपोआप अडकतात, झोपेतही जोर लागत नाही. मादीला वर्षाला बहुधा एकच पिलू, सुरुवातीला ती त्याला छातीशी घेऊनच उडते. फळाचा रस गिळून चोथा थुंकायचा, बिया दूरवर टाकायच्या. अशाच बीतून पडक्या भिंतीत पिंपळ उगवतो. त्या पिंपळाला आपण वंदन करतो, मग बी आणणाऱ्याला दगड का?

बागायतदाराचे नुकसान होते, हे खरे. त्याने झाडावर जाळी टाकावी, उष्टे फळ कोणी खाऊ नये.