रिकामे हात

म्हाताऱ्या माणसाला बसवून जेवू घालणे हीच त्याची सेवा, असे मी कित्येक वर्षे धरून चाललो होतो. माझी माय पंचाहत्तरीला आली तेव्हा मी तिच्या हातची विळी काढून घेतली. पुढे सूप गेले, देवाची भांडी गेली. बोट कापेल, पाठ धरेल. कारणे सारी जिव्हाळ्याची होती. वणीत लोक म्हणत, मास्तरांनी आईला फुलासारखे ठेवले आहे. ते ऐकून मला बरे वाटे, हेही कबूल केले पाहिजे.

एके दिवशी शाळेतून आलो, तर ती निवडून ठेवलेली तुरीची डाळ पुन्हा निवडत बसली होती. मी चिडलो. ती एवढेच म्हणाली, “माह्या हाताले काय झालं रे?”

हातांची गोष्ट निघाली की आम्हा वणीकरांना आनंदवन आठवते. वर्धा नदी ओलांडली की वरोरा, आणि वरोऱ्याला लागून ही वसाहत. १९४९ साली स्थापन झालेल्या महारोगी सेवा समितीने, म्हणजे बाबा आमटे व साधनाताईंनी, ती वसविली. ज्यांची बोटे झडली होती, ज्यांना घरच्यांनी उंबऱ्याबाहेर काढले होते, त्यांनी तेथे विहीर खणली, शेते पिकविली, माग चालविले. भीक नको, काम द्या, हा सारा पाया. आज तेथे वृद्धांसाठी ‘उत्तरायण’ आहे. आणि रोगातून बरे झालेल्या, परंतु वयाने थकलेल्यांसाठी ‘स्नेहसावली’.

वृद्धाश्रम हा शब्द उच्चारताच आपण मुलाच्या नालायकीचा निवाडा देऊन मोकळे होतो. मायबाप घरात आहेत ना, मग झाले! पण घरात राहून मी मायला काय दिले होते? २००७ च्या कायद्याने वृद्ध मायबापांचा निर्वाह मुलांवर बंधनकारक केला. निर्वाह हुकमाने देवविता येतो; ‘तुझ्यावाचून अडले आहे’ हे मुलाच्या तोंडून कोण वदवून घेणार?

येथे एक अडचण आहे आणि ती मला सुटलेली नाही. कामावर माणसाची किंमत ठरली, तर अंथरुणाला खिळलेल्याचे काय? खुद्द बाबांना मणक्याच्या विकाराने वर्षानुवर्षे बसता येत नसे. उभे राहायचे किंवा आडवे पडायचे. २००८ साली ते गेले, तोवर माणसे त्यांच्या खाटेपाशी विचारायला येत. पण ते बाबा होते. आमच्या गल्लीतल्या पडून असलेल्या आजोबांना, गव्हाला भाव आला का, इतके तरी कोण विचारतो? मीही विचारलेले नाही.

मायच्या हाती विळी मी परत दिली आहे. भाजी जाडीभरडी चिरली जाते. पत्नी ती ओट्याआड पुन्हा बारीक करते. मायला हे कळत असावे असा मला संशय आहे. तरी रोज सकाळी तिची हाक येते, “आज काय चिराचं हाये?”