पेटीत नसलेले औषध

खानवेलहून दुधनीकडे जाताना रस्ता सोडून आत गेले, की डोंगरउतारावर एक वारली पाडा लागे. तिथे एक म्हातारी सुईण राहायची. अर्धा पाडा तिच्याच हातावर जन्मलेला. तिच्या घरात फळीवर एक पत्र्याची पेटी असे. फार वर्षांपूर्वी दाईंच्या प्रशिक्षणात मिळालेली, झाकणावर युनिसेफची अक्षरे. आत साबण, ब्लेड, धागा आणि मेणकापड. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ ब्लेड, स्वच्छ धागा आणि नाळेला काही न लावणे, हे पाच नियम म्हातारीने कधी मोडले नाहीत. विळ्याने नाळ कापायची रीत तिने सोडली आणि तिच्या हातचे एकही मूल पुन्हा धनुर्वाताने गेले नाही.

पुढे वारे बदलले. नुसत्या दाई शिकवून माता वाचत नाहीत, बाळंतपणाला शिकलेली नर्स किंवा डॉक्टर हवा, असे जगातल्या मोठ्या आरोग्य संस्था म्हणू लागल्या. २००५ साली जननी सुरक्षा योजना सुरू झाली, आशा कार्यकर्त्या नेमल्या गेल्या. या पाड्याची आशा म्हणजे शेजारच्याच घरातली सून. सुईणीला कोणी विचारीनासे झाले. म्हातारी रुसली.

एका श्रावणात पावसाने रात्र धरली होती. पाड्यातल्या एका पहिलटकरणीला नववा लागलेला. हातापायांवर, तोंडावर सूज, डोके फुटतेय म्हणून कण्हत होती, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. आशा म्हणाली, “आताच्या आता खानवेलला न्या.” सासरा म्हणाला, “एवढ्या पावसात? आधी भगताला विचारू. सकाळ तरी होऊ दे.” सासूने सुईणीला बोलावणे धाडले. म्हातारी पेटी घेऊनच आली.

“आजी, तुझी पेटी आहे ना? उघड. इथंच होऊ दे मोकळी,” सासरा म्हणाला.

मान परत मिळवायची याहून चांगली वेळ आली नसती. म्हातारीने पोरीचे सुजलेले पाय दाबून पाहिले. बोट रुतले तिथे खळगा तसाच राहिला. तिने पेटी बाजूला सारली.

“हिच्यात नाळ कापायला ब्लेड आहे. पोरीला फेफरं आलं तर ते थांबवायला काही नाही. आशा म्हणते ते खरं आहे. उचला.”

सुईणीच्या शब्दापुढे कोण बोलणार? आशाने १०८ला फोन लावला. चार गड्यांनी झोळी करून पोरीला डांबरी रस्त्यापर्यंत आणले. खानवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात रक्तदाब पाहून लगेच मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन दिले आणि तिला सिल्वासाला पाठवले. फेफरे आले नाही. आई आणि लेकरू दोघेही वाचले.

हे औषध काही महाग नाही. २००२ साली ३३ देशांतल्या दहा हजारांहून अधिक बायकांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. या औषधाने फेफऱ्याचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे त्याने दाखवले. एवढ्या बायकांच्या साथीने मिळालेले ते ज्ञान खानवेलपर्यंत पोचले होते. शेवटची वाट मात्र एका म्हातारीच्या होकारावाचून अडली होती. बाळंतिणी का दगावतात, याची उत्तरे शोधणारे अभ्यासक तीन उशीर सांगतात: निर्णयाला उशीर, पोचायला उशीर, उपचाराला उशीर. पहिला उशीर घरच्या ओट्यावरच होतो आणि तो कुठल्याही पेटीत भरून पाठवलेल्या मदतीने टळत नाही.

त्यानंतर आशा घरभेटीला निघाली, की म्हातारीला हाक मारू लागली. लोक एकीचे ऐकत, दुसरीला ठाऊक असे.

तात्पर्य: मदत सातासमुद्रापलीकडून येऊ शकते, पण जीव वाचतो तो घरातल्या वेळेवरच्या निर्णयाने. म्हणून ज्याच्या शब्दाला गावात वजन आहे, त्याला बाजूला सारू नये. आणि ज्याच्या शब्दाला वजन आहे, त्याने आपल्या हाताबाहेरचे काय, हे वेळेवर बोलून दाखवावे.