रक्ताचा रतीब

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात शिबी राजाची कथा रंगवलेली आहे. ससाण्याच्या तावडीतून सुटलेलं कबूतर राजाच्या आश्रयाला येतं, ससाणा आपला हक्काचा घास मागतो आणि राजा कबुतराच्या वजनाइतकं स्वतःचं मांस द्यायला तयार होतो. महाभारतातही ही कथा येते. राजाचं नाव कुठे शिबी, तर कुठे उशीनर. तिचा सगळा थरार तराजूत आहे. मांडीचा तुकडा टाकला तरी कबुतराचं पारडं खालीच, आणखी टाकला तरी खालीच. शेवटी राजा स्वतःच पारड्यात चढून बसतो.

दधीची हाडं देतो, कर्ण कवचकुंडलं उतरवून देतो. आपलं अंग देण्याच्या आपल्या कथा या अशा, एकदाच घडणाऱ्या आणि भरून न येणाऱ्या. दिल्यावर देणारा उरत नाही, उरलाच तर पहिल्यासारखा राहत नाही. मला वाटतं, रक्तदानाकडे आपण अजून याच नजरेनं बघतो, आणि सुईच्या भीतीपेक्षाही ही नजर जास्त आडवी येते. त्याग म्हटला की तो आयुष्यात एकदा करायचा, प्रमाणपत्र भिंतीवर लावायचं. पुन्हा कोण कशाला करेल?

खरं तर इथे त्याग असा काही नाहीच. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातलं घेतात साडेतीनशे मिलिलिटर. वजन चांगलं असेल तर साडेचारशे. गेलेला द्रव एकदोन दिवसांत भरून निघतो, पेशी काही आठवड्यांत. लोहाचा साठा पूर्ववत व्हायला सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून दोन रक्तदानांमध्ये पुरुषांनी 90 आणि स्त्रियांनी 120 दिवस थांबायचं असतं. शिवाय तांबडी पेशी जगतेच सुमारे 120 दिवस. तुम्ही दिली नाही म्हणून ती काही तुमच्याजवळ राहत नाही. प्लीहेत आणि यकृतात तिची मोडतोड होते आणि तिच्या जागी नवी येते. न दिलेलं रक्तही आपण राखू शकत नाही, ही गोष्ट शिबीच्या कथेत कुठेच बसत नाही.

पण तराजू आपल्याला सोडत नाही. सोळा महादानांतलं पहिलं तुलापुरुषदान, म्हणजे राजानं स्वतःची सोन्यानं तुला करून ते सोनं वाटायचं. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री यानं ‘चतुर्वर्गचिंतामणी’च्या दानखंडात अशा दानांचे विधी तपशीलवार मांडले. 1674 मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांची सुवर्णतुला झाली. आजच्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला होते ती रक्ततुला. मांडव पडतो, फलक लागतात, इतक्या बाटल्यांचा संकल्प सुटतो (पिशव्या येऊन कित्येक वर्षं लोटली, तरी आपल्या बोलण्यात बाटलीच आहे), प्रत्येक दात्याला हेल्मेट नाहीतर टिफिनचा डबा मिळतो. या शिबिरांची थट्टा करणं सोपं आहे, आणि ते मला फारसं रुचत नाही. कित्येकांनी पहिलं रक्त तिथंच दिलेलं असतं. अडचण वेगळीच आहे. सोनं कोठारात वर्षानुवर्षं राहतं. रक्त राहत नाही. तांबड्या पेशी दोन ते सहा अंशांवर ठेवल्या तर पिशवीत कोणतं द्रावण आहे त्याप्रमाणे 35 किंवा 42 दिवस टिकतात. प्लेटलेट्स तर सतत हलत्या ठेवूनही पाचच दिवस. एका रविवारी हजार पिशव्या आल्या, तर पुढच्या महिन्यात त्यातल्या काही मुदत संपून नष्ट कराव्या लागण्याची भीती असते. आणि ते हजार दाते पुढचे तीन महिने रक्त देऊ शकत नाहीत, हा हिशेब तर फलकावर कुणीच लिहीत नाही. मग एप्रिल-मे उजाडतो. महाविद्यालयं बंद, मुलं गावी, निम्मी वसाहत लग्नांना गेलेली. रक्तपेढीची कपाटं उघडी पडतात. अपघात, बाळंतपणं, शस्त्रक्रिया मात्र सुट्टीवर जात नाहीत.

रुग्णालयाला पंगत नको असते, रतीब हवा असतो. थॅलेसेमियाचं मूल घ्या. त्याला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि तेही जन्मभर. तीन आठवडे धरले तर वर्षाला सतरा वेळा. एक पुरुष वर्षात फार तर चारदा देणार. म्हणजे एकेक पिशवी धरली, तरी त्या एका मुलामागे चारपाच नेमाचे दाते लागतात. मूल मोठं झालं की पिशव्या वाढतात, माणसंही वाढावी लागतात. ती आपसांत ओळखीची नसतात, मुलाच्याही नाहीत.

हे अनोळखीपणच महत्त्वाचं आहे. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं 1925 मध्ये भेटवस्तूंवर प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात महाभारताच्या अनुशासनपर्वातल्या दानधर्माचाही विचार केला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की कोणतीही भेट फुकट नसते, घेणाऱ्यावर परतफेडीचं ओझं येतंच. रक्ताच्या पिशवीवर दात्याचं नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. परतफेड करायची तरी कुणाला? 1970 मध्ये ब्रिटनच्या रिचर्ड टिटमस यानं याच धाग्यावर पुस्तक लिहिलं आणि दाखवून दिलं, की पैसे मोजून घेतलेल्या अमेरिकेतल्या रक्तापेक्षा ब्रिटनमधलं फुकट दिलेलं रक्त जास्त सुरक्षित होतं. पैशासाठी देणाऱ्याला आपली कावीळ लपवण्याचं कारण असतं.

आपल्याकडेही धंदेवाईक दाते होते. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 4 जानेवारी 1996 रोजी निकाल दिला आणि 1 जानेवारी 1998 पासून रक्ताची विक्री बंद झाली. बंद झाली नाही ती दुसरी पद्धत, बदली रक्तदात्याची. ‘पेशंटसाठी दोन पिशव्या हव्यात, कुणाला तरी घेऊन या.’ मग भाचा येतो, शेजारचा येतो, साहेबांच्या शब्दाखातर कारखान्यातला पोऱ्या येतो. फॉर्मवर प्रश्न असतात. कावीळ झाली होती का, हल्ली कुठली औषधं चालू आहेत का. बाहेर मामी रडत बसलेली असताना खरं उत्तर देणं किती जणांना जमेल? प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, ‘बी’ आणि ‘सी’ या दोन्ही काविळी, गुप्तरोग आणि मलेरियासाठी तपासणी होते, पण संसर्ग अगदी ताजा असेल तर तो चाचणीलाही चकवू शकतो. ज्याचं रक्त वर्षात तीनचार वेळा तपासलं जातं आणि ज्याच्यावर खोटं बोलण्याचं दडपण नाही, त्याच्याविषयी रक्तपेढीचा डॉक्टर तेवढा निर्धास्त असतो.

मीमांसकांनी कर्माचे तीन प्रकार सांगितले: नित्य, नैमित्तिक आणि काम्य. बदली दाता नैमित्तिक, प्रसंग पडला म्हणून येणारा; हेल्मेटवाला काम्य, फळासाठी येणारा. नित्यकर्माची गंमत अशी, की ते केल्याचं खास फळ नाही, पण टाळलं तर दोष आहे. संध्या केली म्हणून कुणी हार घालत नसे. नेमाच्या दात्याची अवस्था तशीच होते. पहिल्या खेपेला वाटलेली धन्यता चौथ्या खेपेला ओसरते, दहाव्याला उरतं फक्त काम. बोटाला टोचून घ्यायचं, थेंब निळ्या मोरचुदाच्या पाण्यात बुडतो का ते बघायचं, दहा मिनिटं चेंडू दाबायचा, बिस्किटं खायची, घरी जायचं. ही धन्यता जाणं मला चांगलं लक्षण वाटतं.

तो थेंब सगळ्यांचाच बुडत नाही. हिमोग्लोबिन साडेबारा लागतं, आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. उत्साहानं आलेल्या मुली शिबिरातून परत जातात, त्याचं उत्तर रक्तपेढीत नाही. त्यांच्या ताटात आणि घरात आहे. त्यांना नुसतं ‘बसत नाही’ म्हणून पाठवू नये, लोहाच्या गोळ्या देऊन पुन्हा बोलवावं.

नेमाला एक अपवाद मुंबईचाच आहे. 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथं एक निराळा रक्तगट शोधला. साध्या तपासणीत तो ‘ओ’सारखा दिसतो, पण या माणसांना ‘ओ’ गटाचं रक्तही चालत नाही. फक्त आपल्याच गटाचं चालतं. भारतात तो 10,000 मागे साधारण एकात सापडतो असं मानतात, आणि जगभर त्याला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणतात. या माणसांनी दर तीन महिन्यांनी रक्त देऊन पिशवीची मुदत संपू देण्यात अर्थ नाही. त्यांनी नाव नोंदवून ठेवावं आणि हाक आली की निघावं. तुमच्याआमच्यासारख्या ‘बी पॉझिटिव्ह’, ‘ओ पॉझिटिव्ह’वाल्या गर्दीला ती सवलत नाही. आपण रक्तपेढीला फोन करून आपल्या गटाची गरज कधी आहे ते विचारावं. तिथून बहुधा मे महिन्यातली एखादी दुपार सांगतील.