लीलावतीचं उत्तर

भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’ लिहिली आणि त्यातली कितीतरी उदाहरणं एका बुद्धिमान मुलीला घातली. भुंगे किती, थव्यातले हंस किती, सांग बरं! पोथीभर प्रश्न आहेत, तिचा आवाज मात्र कुठेच नाही. आपल्याला पाठ असते ती तिच्या लग्नाची गोष्ट: घटिकापात्राच्या छिद्रात मोती अडकला, पाणी आत शिरेना, मुहूर्त टळला, लग्न राहिलं, म्हणून वडिलांनी, म्हणजे भास्कराचार्यांनी, ग्रंथाला तिचं नाव दिलं. मूळ संस्कृत ग्रंथात ही गोष्ट नाहीच. ती येते फैजीच्या १५८७च्या फारसी भाषांतरातून. मोती तेवढा लक्षात राहिला, मुलीचं गणित राहिलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

म्हणून २००८ साली भारतीय विज्ञान अकादमीनं काढलेल्या ‘लीलावतीज डॉटर्स’ या पुस्तकाचं मोल मला फार वाटतं. संपादक रोहिणी गोडबोले आणि राम रामस्वामी. जवळजवळ शंभर शास्त्रज्ञ स्त्रियांच्या कहाण्या, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींनी स्वतःच लिहिलेल्या.

गोडबोले पुण्याच्या. त्यांच्या मुलींच्या शाळेत सातवीपर्यंत विज्ञानाच्या जागी गृहशास्त्र होतं. तिथून ही मुलगी मूलकणांच्या गणितापर्यंत पोचली. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनचे झोत समोरासमोर आले की त्यांतून प्रकाशकण निसटतात, ते एकमेकांवर आदळतात आणि नको असलेल्या कणांचा गोंधळ माजतो. मान्युएल द्रेस यांच्याबरोबर त्यांनी हा गोंधळ किती असेल ते मांडलं. असे झोत आदळवणारं पुढचं यंत्र आखताना ते गणित टाळून चालत नाही.

स्त्रियांच्या प्रश्नाकडे त्या वळल्या तेव्हाही सवय तीच राहिली: आधी मोजायचं. नुसत्या आदर्श कहाण्या पुरेशा नव्हत्या. एम.एस्सी.च्या वर्गात मुली भरपूर, प्राध्यापकांच्या खोल्यांवर मात्र बायकांची नावं तुरळक. मग मधल्या मध्ये त्या जातात कुठे? तयार उत्तर होतं, संसार. २०१०च्या अहवालासाठी अनिता कुरूप, गोडबोले आणि सहकाऱ्यांनी पीएच.डी. झालेल्या स्त्रियांनाच विचारलं, संशोधन सुटलेल्यांनाही. शिकून बाहेर पडल्यावर योग्य नोकरीच मिळाली नाही, हे कारण पुढे आलं. मला हे वळण सगळ्यात मोठं वाटतं. तोवर दोष बाईच्या घरात शोधला जात होता, आता बोट नेमणूक करणाऱ्या संस्थेकडे वळलं. मग वयोमर्यादा, पाळणाघर, नवराबायकोला एकाच संस्थेत न घेण्याचा अलिखित नियम, असल्या गोष्टी मेहेरबानी म्हणून नव्हे, कामकाजाचा भाग म्हणून बोलता येऊ लागल्या.

त्याच अहवालासाठी पुरुष शास्त्रज्ञांनाही विचारलं होतं, बायका संशोधन का सोडतात? त्यांच्या लेखी मुख्य कारण संसारच होतं.