उत्तर, प्रश्न आणि परचित्त

डग्लस ॲडम्स यांची 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' ही विज्ञानकथात्मक नभोनाट्यमालिका ८ मार्च १९७८ रोजी बीबीसीच्या रेडिओ ४ या वाहिनीवरून प्रथम प्रसारित झाली. कादंबरी, दूरचित्रवाणी मालिका आणि चित्रपट ही तिची रूपे नंतरची असल्यामुळे तिच्यातील विचाराचा शोध मूळ ध्वनिरूपातच घेणे उचित ठरते. १९७८ मधील सात आणि जानेवारी १९८० मधील पाच असे पहिल्या दोन मालिकांचे बारा भाग, तसेच ॲडम्स यांच्या २००१ मधील निधनानंतर डर्क मॅग्ज यांनी त्यांच्या कादंबऱ्यांवरून २००४ व २००५ मध्ये सादर केलेल्या मालिका आज संचरूपाने सलग ऐकता येतात. ही कृती विश्वाच्या निरर्थकतेचा पुकारा करते, असा समज रूढ आहे. पहिले बारा भाग एकामागून एक ऐकणाऱ्यास मात्र तिच्यात त्याहून गंभीर असा एक प्रश्न आढळतो: ज्याचे अस्तित्व निर्विवादपणे सिद्ध करता येत नाही, त्याच्याविषयी माणसाचे काही कर्तव्य असते काय?

या प्रश्नाची पूर्वतयारी 'डीप थॉट' या महासंगणकाच्या सुप्रसिद्ध प्रसंगात होते. जीवन, विश्व आणि सर्व काही यांविषयीच्या अंतिम प्रश्नाचे उत्तर शोधण्यास हा संगणक पंचाहत्तर लाख वर्षे घेतो आणि अखेरीस '४२' हे उत्तर देऊन, मूळ प्रश्न काय होता हेच कोणाला नीट ठाऊक नसल्याचे निदर्शनास आणतो. हा प्रसंग केवळ थट्टा म्हणून वाचणे अपुरे आहे. मीमांसाशास्त्रात विचाराच्या एका पूर्ण घटकास 'अधिकरण' म्हणतात. त्यात आधी विषय, मग त्याविषयीचा संशय, त्यानंतर पूर्वपक्ष म्हणजे विरोधी मत, पुढे सिद्धान्त आणि या सर्वांची प्रकरणाशी असलेली संगती असा क्रम असतो. ज्या निष्कर्षामागे संशय नाही त्याला या रचनेत सिद्धान्ताचे पद मिळत नाही, कारण सिद्धान्ताचे सामर्थ्य त्याने कोणता संशय फेडला यावरच अवलंबून असते. '४२' हे उत्तर चुकीचे आहे असे म्हणण्यासही जागा नाही. कोणाचाच संशय त्याने फिटत नाही, हा त्याचा खरा दोष आहे. पृथ्वी हा तो हरवलेला प्रश्न शोधण्यासाठी रचलेला दुसरा संगणक होता आणि शोध पूर्ण होण्याच्या पाच मिनिटे आधी ती नष्ट झाली, या पुढील तपशिलामुळे तर माणसांचे जगणे हीच प्रश्नाची प्रक्रिया होती, असा अर्थ निष्पन्न होतो.

विचाराची खरी कसोटी मात्र १९८० मधील अखेरच्या, बाराव्या भागात लागते. विश्वाचा प्रत्यक्ष शासक एका दूरच्या ग्रहावरील झोपडीत एका मांजरासह राहतो. इंद्रियांना या क्षणी जे जाणवते त्यापलीकडे काही आहे असे तो गृहीत धरीत नाही. भूतकाळ, बाहेरचे जग आणि इतरांची मने या सर्वांविषयी तो निर्णय राखून ठेवतो. स्वतःच्या जाणिवेखेरीज कशाचेही अस्तित्व निश्चित नाही, या मतास अहंमात्रवाद म्हणतात. सत्तेचा लोभ ज्याला शिवलेला नाही, त्याच्याच हाती सत्ता सुरक्षित राहील, असा या योजनेमागील तर्क आहे आणि तो वरवर पाहता निर्दोष वाटतो. परंतु त्याच्या शब्दावर असंख्य जीव जगतात आणि मरतात, असे त्याला भेटायला आलेला झार्निवूप हे पात्र त्यास सांगते, तेव्हा ज्यांना कधी पाहिले नाही त्यांच्याशी आपला संबंध नाही, अशा आशयाचे शांत उत्तर तो देतो. आग्रह सोडणारी नम्रता आणि जबाबदारी नाकारणारी उदासीनता या दोहोंचा मुखवटा एकच असू शकतो, हे या उत्तरातून उघड होते.

सातव्या शतकातील बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांच्यापुढे हीच अडचण उभी होती. बाह्य वस्तू जाणिवेहून स्वतंत्र नाहीत असे मानणाऱ्या विज्ञानवादाच्या भूमिकेवरून विचार करताना, मग दुसऱ्याचे चित्त तरी कशाच्या आधारे मानावे, या आक्षेपास उत्तर देण्यासाठी त्यांनी 'सन्तानान्तरसिद्धि' हा ग्रंथ रचला. 'सन्तान' म्हणजे चित्तक्षणांचा अखंड प्रवाह आणि 'सन्तानान्तर' म्हणजे असा दुसरा प्रवाह, अर्थात परचित्त. स्वतःच्या बोलण्याच्या व हालचालीच्या मुळाशी इच्छा असते हा अनुभव प्रत्येकास असतो. म्हणून स्वतःच्या इच्छेशिवाय जेथे बोलणे व हालचाल जाणवते, तेथे दुसऱ्या चित्ताचे अनुमान करणे युक्त ठरते, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा आहे.

नभोनाट्याचा श्रोता या अनुमानाचा आधार पदोपदी घेत असतो. त्याच्यापुढे ना रंगमंच असतो ना नटाचा चेहरा. बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपने रचलेले ध्वनी आणि सायमन जोन्स यांचा गोंधळलेला, सभ्य स्वर एवढ्यावरूनच तो आर्थर डेंट या बेघर पृथ्वीवासीयाचे दुःख ओळखतो. आर्थर हे कल्पित पात्र आहे हे ठाऊक असूनही त्याच्याविषयीची कळकळ थांबत नाही, आणि करुणा सिद्धतेची वाट पाहत नाही, याचा यापेक्षा जवळचा अनुभव क्वचितच मिळतो. झोपडीतील शासकही या नियमाला अपवाद नाही. मांजर खरे आहे की भास आहे याविषयी तो साशंक राहतो, पण त्याला खाऊ घालतो. त्याचे आचरण त्याच्या मताच्या पुढे गेलेले असते आणि त्याची दया उंबरठ्याबाहेर पडत नाही, एवढीच त्यातील उणीव असते.

त्याच झोपडीत आर्थरला कळते की, अंतिम प्रश्न सापडल्यास आपला व्यवसाय बुडेल या भीतीने मनोविकारतज्ज्ञांच्या एका गटाने पृथ्वीचा विनाश घडवून आणला आणि त्यात सहप्रवासी झेफॉडचाही हात होता. संतापलेला आर्थर आपल्या सोबत्यांना तेथेच सोडून त्यांचे यान घेऊन निघून जातो. पृथ्वीला विश्वाच्या योजनेत काही महत्त्व होते की नव्हते, याची शहानिशा तो करीत बसत नाही. तेथील माणसे होती आणि ती मारली गेली, एवढे त्याला पुरेसे असते. कादंबरीत शासकाच्या भेटीच्या वेळी आर्थर उपस्थितच नाही, त्यामुळे हा नैतिक कळस केवळ नभोनाट्यात आहे. म्हणूनच २००४ च्या मालिकेने कादंबऱ्यांशी मेळ घालण्यासाठी दुसऱ्या मालिकेतील बहुतांश घटना झेफॉडचा मनोभ्रम ठरवाव्यात, हा संपूर्ण संचातील सर्वांत मोठा दोष मानावा लागतो. कारण त्यायोगे आर्थरचा न्याय्य संताप भासाच्या सदरात जमा होतो आणि शासकाच्याच मताचा नकळत विजय होतो.

संशय हे ज्ञानाचे साधन आहे आणि ते कोणत्याही धर्मविचारास अथवा तत्त्वविचारास टाकता येणार नाही. परंतु परदुःखाच्या बाबतीत संशयाचा लाभ नेहमी दुःख भोगणाऱ्यास मिळाला पाहिजे. दुसऱ्याचे चित्त आहे असे मानून चूक झाली तर दया वाया जाते, आणि नाही असे मानून चूक झाली तर एक जीव वाया जातो. या दोन चुकांचे वजन सारखे नाही, हे ज्याला उमगले त्याला अंतिम उत्तर हाती नसतानाही आज कसे वागावे हे कळते.